एका कंडीचा पंचनामा: रिच जॉन्स्टन आणि 'फँटॅस्टिक फोर'

मे २०१४ च्या शेवटच्या दिवसांत ब्लीडिंग कूल या कॉमिक्सच्या बातम्यांच्या संकेतस्थळावर रिच जॉन्स्टन यांनी एक पुडी सोडली. मार्व्हल ही अमेरिकन कॉमिक्स कंपनी म्हणे 'फँटॅस्टिक फोर' ही चार सुपरहिरोंची मालिका बंद करणार. सोबत कारणही दिलेलं होतं. या चौघांच्या चित्रपटांचे हक्क फॉक्स या चित्रपट कंपनीकडे आहेत, फॉक्सचा नवा चित्रपट पुढच्या वर्षी येतोय, आणि दुसऱ्याच्या चित्रपटाचा गाजावाजा आपल्या खर्चानं कशाला करायचा, असं मार्व्हलच्या वरच्या मजल्यावर ठरलंय. बातमीचा रोख कंपनीचे प्रमुख आयझॅक पर्लमटर यांच्याकडे होता.

कॉमिक्स वाचणाऱ्यांच्या गळी हे उतरेना, आणि ते साहजिकच होतं. नोव्हेंबर १९६१ ची तारीख असलेल्या पहिल्या अंकात स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी हे चौघे आणले, आणि आज ज्याला आपण मार्व्हल म्हणतो त्याची पायाभरणी तिथे झाली. शिवाय लेखक जेम्स रॉबिन्सन आणि चित्रकार लेनर्ड कर्क यांची नवी मालिका फेब्रुवारी २०१४ मध्येच सुरू झाली होती. बातमी आली तेव्हा मालिकेला चार महिनेही झाले नव्हते. आणि मार्व्हलच्याच एक्स-मेन या दुसऱ्या सुपरहिरो चमूचं काय? त्यांचेही हक्क फॉक्सकडेच, त्यांचा चित्रपट २३ मे रोजी अमेरिकेत लागलेला, तरी मार्व्हल एक्स-मेनची ढीगभर कॉमिक्स खुशाल छापत होती. मग राग एकट्या या चौघांवरच का?

पुढे बातमी खरी ठरली. पण ती एका दमात खरी ठरली नाही, तुकड्यातुकड्यांनी ठरली. गॉसिप लिहिणाऱ्याचं कसब कशात असतं ते या तुकड्यांतच दिसतं.

गटारात लोळणारा स्तंभ

जॉन्स्टन १९७२ चे, इंग्लंडचे. जाहिरात क्षेत्रात कॉपीरायटर म्हणून काम केलेले. नव्वदच्या दशकात यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या व्यवस्थेतल्या चर्चागटांवर त्यांनी कॉमिक्स धंद्यातल्या आतल्या गोष्टी लिहायला सुरुवात केली. मग स्तंभाचं नाव बदलत, संकेतस्थळ बदलत २००२ मध्ये ते कॉमिक बुक रिसोर्सेस या संकेतस्थळावर पोचले. तिथे २००९ पर्यंत चाललेल्या स्तंभाचं नाव 'लाइंग इन द गटर्स'. कॉपीरायटरचा हात या नावात दिसतो. कॉमिकच्या दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीला गटर म्हणतात. सवंग वर्तमानपत्रांनाही इंग्लंडात गटाराचंच विशेषण लागतं. आणि लाइंग म्हणजे लोळणं, तसंच खोटं बोलणंही. म्हणजे हा गडी स्वतःच्या स्तंभावर 'यातलं काही खोटं असू शकतं' अशी पाटी लावूनच बसला होता.

पाटीपेक्षा कामाची गोष्ट होती ती दिव्यांची. प्रत्येक अफवेच्या शेजारी वाहतुकीचा दिवा असायचा, हिरवा, पिवळा किंवा लाल. हिरवा म्हणजे लेखकाला बऱ्यापैकी खात्री आहे. पिवळा म्हणजे असेल किंवा नसेल. लाल म्हणजे ऐकलंय, पण भरवसा धरू नका. वरवर गंमत वाटते, पण अफवा छापण्यातला सगळ्यात अवघड प्रश्न ही युक्ती सोडवते. 'असं कळतं', 'सूत्रांच्या म्हणण्यानुसार' असल्या शब्दांत खात्री किती आणि हवा किती, ते वाचकाला कधीच कळत नाही. दिवा लावला की लेखक अडकतो. हिरवा दिवा लावलेली बातमी फुसकी निघाली, तर ती सगळ्यांच्या लक्षात राहते.

२७ मार्च २००९ रोजी ब्लीडिंग कूल सुरू झालं, आणि जुना स्तंभ त्याच वर्षी मे महिन्यात थांबला. नव्या स्थळामागे होते अवतार प्रेसचे विल्यम क्रिस्टेन्सेन. अवतार म्हणजे अमेरिकेत इलिनॉय राज्यातली कॉमिक्स छापणारी कंपनी. आठवड्याच्या स्तंभाच्या जागी रोजच्या बातम्या आल्या. हा बदल पुढच्या प्रकरणात महत्त्वाचा आहे. स्तंभात अफवा आपल्या दिव्यासह, आजूबाजूच्या दहा अफवांसह वाचली जाते. बातमीचं शीर्षक मात्र एकटंच गावभर हिंडतं.

बातमी फुटते कुठून

कॉमिकचा अंक किती हातांतून जातो ते पाहिलं, की गुपित टिकतंच कसं याचं नवल वाटतं. मार्व्हलच्या नेहमीच्या अंकात कथेची साधारण २० पानं असतात. लेखक पटकथा देतो. पेन्सिलवाला दिवसाला फार तर एक पान काढतो, म्हणजे सुट्ट्या धरून महिना गेला. मग शाई, रंग, अक्षरं. प्रत्येक कामाला वेगळा माणूस, आणि बहुतेक जण नोकरदार नसतात, अंकागणिक पैसे घेतात. मधे संपादक आणि सहायक संपादक. मग छापखाना, वितरक आणि शेवटी दुकानं. मालिका बंद व्हायची असेल तर लेखकाला कथा गुंडाळायला काही महिने तरी आधी सांगावं लागतं. त्याला कळलं की चित्रकाराला कळतं, चित्रकार पुढच्या कामाची विचारणा करतो, आणि ज्याला विचारतो त्याच्या मनात प्रश्न उभा राहतो: याला एकदम काम कशाला हवंय?

यातली शेवटची कडी सगळ्यात अस्वस्थ असते. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या दुकानांना मोठ्या कंपन्यांचा माल डायमंड या एकाच वितरकाकडून मिळायचा. दर महिन्याला 'प्रीव्ह्यूज' नावाचा जाडजूड कॅटलॉग यायचा. त्यात अंकाची जाहिरात अंक येण्याआधी दोन-अडीच महिने छापलेली असायची. दुकानदारानं मागणीचा आकडा भरायचा, आणि अंक येण्याच्या साधारण तीन आठवडे आधी तो बदलायची शेवटची संधी. त्यानंतर माल तुमचा. न खपलेला अंक परत जात नाही.

हिशेबापुरतं धरू की एका दुकानानं ३.९९ डॉलरच्या अंकाच्या ४० प्रती निम्म्या किमतीत उचलल्या. गुंतवणूक झाली ८० डॉलरांची. २८ खपल्या तर गल्ला साधारण ११२ डॉलर, हातात ३२. तेच ३० उचलल्या असत्या तर खपल्या असत्या तेवढ्याच २८, पण हातात ५२ राहिले असते. नफ्यात वीस डॉलरचा फरक पडला तो दहा प्रतींच्या अंदाजामुळे, आणि दुकानात दर बुधवारी असे शंभरेक अंक येतात. मालिका गुंडाळली जाणार हे चार महिने आधी कळणं म्हणजे त्या दुकानदाराला रोख पैसे मिळण्यासारखं आहे. म्हणून तो गॉसिप वाचतो, आणि स्वतःला काही कळलं तर कळवतोही.

प्रकाशक स्वतः बातमी फोडतो तेव्हा तिला प्रसिद्धी म्हणतात, हेही इथेच नोंदवू. जानेवारी २०११ मध्ये याच मालिकेच्या ५८७ व्या अंकात चौघांपैकी एक जण मरणार होता. कोण ते कळू नये म्हणून अंक काळ्या पिशवीत सीलबंद करून पाठवला. आणि दुकानात अंक यायच्या आदल्या दिवशी असोसिएटेड प्रेसनं मेलेल्याचं नाव जगभर छापलं.

एका बातमीचे तीन तुकडे

जॉन्स्टन यांची २०१४ ची बातमी सोडवून पाहिली तर तिच्यात तीन वेगवेगळी विधानं सापडतात. एक, मालिका बंद होणार. दोन, चित्रपटाच्या आधी बंद होणार. तीन, हक्कांवरून फॉक्सशी बिनसलंय म्हणून बंद होणार. वाचकांनी तिन्हींवर एकदमच विश्वास ठेवला किंवा तिन्ही एकदमच उडवून लावली. पण प्रत्येकाला दिवा वेगळा लागायला हवा होता.

पहिलं विधान साखळीतल्या माणसाला ठाऊक असू शकतं. चित्रकाराला, सहायक संपादकाला, कुणालाही. दुसरंही तसंच, कारण तारखा कामाच्या वेळापत्रकात असतात. तिसरं मात्र बंद दाराआडचं. मालकाच्या मनात काय आहे ते चित्रकाराला कळत नाही, त्याला फक्त संपादकानं सांगितलेलं कारण कळतं. म्हणजे सर्वांत चटकदार तुकडाच सर्वांत कमी भरवशाचा. गॉसिप बहुतेक वेळा इथेच फसतं. 'काय' पक्कं असतं, 'का' ऐकीव असतं, आणि शीर्षकात दोन्ही एकाच ठशात छापले जातात.

मार्व्हलकडून टॉम ब्रेव्हूर्ट या ज्येष्ठ संपादकांनी टम्बलर या ब्लॉगस्थळावर वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देताना ही शक्यता झटकून टाकली. अशी नकारघंटा ऐकताना काळ कोणता वापरलाय तिकडे लक्ष द्यावं. 'आमचा अंक दर महिन्याला निघतोय' हे वाक्य खरं असतं आणि 'पुढच्या वर्षी निघणार नाही' या वाक्याला ते कुठेही छेद देत नाही. त्यात संपादकाची लबाडी असतेच असं नाही. कॅटलॉगमध्ये जाहीर होईपर्यंत मालिकेबद्दल बोलायची त्याला मुभाच नसते, आणि लोकांनी मधल्या महिन्यांतले अंक विकत घ्यावेत ही त्याची नोकरीच आहे.

मग 'का'चा पुरावा कुठून आणायचा? जॉन्स्टन यांनी इथे जे केलं ते शिकण्यासारखं आहे. मालकाच्या मनाचा ठाव घेत बसण्याऐवजी ते कोपऱ्यातले कागद गोळा करत राहिले. सर्वांत बोलका कागद स्केच कार्डांचा. संग्रहासाठी विकल्या जाणाऱ्या कार्डांच्या पाकिटांत अधूनमधून एक हातानं काढलेलं चित्र टाकतात. ती चित्रं काढणाऱ्यांना सूचनापत्र जातं: कार्डाचं माप, मुदत, कोणती पात्रं चालतील. मार्व्हलच्या कार्डांसाठी गेलेल्या सूचनांत फँटॅस्टिक फोर आणि त्यांच्या गोतावळ्यातली पात्रं काढायची नाहीत असं होतं, आणि ते ब्लीडिंग कूलवर आलं.

या एका कागदाचं वजन इतकं का, ते जरा थांबून पाहू. मालिका बंद होण्याचं दुसरं सरळ कारण म्हणजे खप. खप मंदावला म्हणून मासिक बंद झालं, यात कट शोधायची गरज नाही. पण मासिकाच्या खपाचा आणि कार्डावरच्या पेन्सिल-चित्राचा संबंध काय? कुणी चौघांपैकी एकाचं, द थिंगचं, चित्र काढलं म्हणून कुणाचं नुकसान होत नाही. खपाच्या कारणानं मासिक थांबेल, पण पात्रच कुठे दिसू नये असा हुकूम निघणार नाही. तो निघाला असेल तर कारण मासिकाबाहेरचं आहे. त्याच वर्षी एक्स-मेनचे जुने-जाणते लेखक क्रिस क्लेअरमाँट यांनीही जाहीरपणे सांगितलं की त्या विभागात नवी पात्रं निर्माण करायला मनाई आहे, कारण नव्या पात्राचे चित्रपट-हक्क आपोआप फॉक्सकडे जातात. म्हणजे एक्स-मेनवरही वक्रदृष्टी होती, फक्त ती मालिका खपायची. 'मग एक्स-मेन कसे चालतात?' या प्रश्नाचं बरंचसं उत्तर यात आहे.

खपाच्या बाजूनं बोलणाऱ्यांसाठी आणखी एक कसोटी होती, पण तिला वेळ लागणार होता. फँटॅस्टिक फोरचा खप याआधीही अनेकदा पडला होता. प्रत्येक वेळी औषध एकच: मालिका थांबवा, क्रमांक पुन्हा १ करा, नवा लेखक आणा. १९९६, १९९८, २०१२, २०१४, दर वेळी हेच, आणि दर वेळी खंड पडला तो फार तर काही महिन्यांचा. तेव्हा खरा सवाल मालिका थांबते का हा नव्हताच. थांबल्यावर किती दिवसांनी परत येते, हा होता.

निकाल

ऑक्टोबर २०१४ मध्ये मार्व्हलनं जाहीर केलं की मालिका २०१५ मध्ये संपणार. म्हणजे पहिलं विधान पाच महिन्यांत हिरवं झालं. १४ व्या अंकानंतर मूळचे जुने क्रमांक परत आणून ६४२ ते ६४५ असे चार अंक काढले आणि एप्रिल २०१५ मध्ये पडदा पडला. फॉक्सचा चित्रपट अमेरिकेत लागला ७ ऑगस्ट २०१५ रोजी, म्हणजे दुसरं विधानही हिरवं. चित्रपट सपशेल आपटला, पण त्यात कॉमिक बंद असण्याचा हात नव्हता. तिकीट काढणाऱ्या लाखोंच्या हिशेबात कॉमिक वाचणारे काही हजार कुठेच नसतात. मार्व्हलच्या तथाकथित बहिष्कारानं फॉक्सचं काय वाकडं झालं असेल, हा प्रश्न म्हणून थोडा हास्यास्पद आहे.

पात्रं मात्र वाऱ्यावर सोडली नव्हती. लेखक जोनाथन हिकमन यांच्या मोठ्या कथेच्या शेवटी चौघांपैकी रीड आणि सू विश्वं उभारायला निघून गेले. द थिंग गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी या मार्व्हलच्या दुसऱ्या चमूत भरती झाला आणि चौथा, जॉनी, इनह्यूमन्स या आणखी एका चमूच्या मालिकेत दिसू लागला. दोन गेले, दोन दुसऱ्यांच्या घरी पाहुणे. नाव मात्र मुखपृष्ठावर नाही. पुढे हिकमन यांनीच एका मुलाखतीत सांगून टाकलं की फॉक्सशी असलेल्या मतभेदामुळे मार्व्हल हे कॉमिक काढत नाही, ही आता सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. तिसऱ्या विधानाला इतक्या आतल्या माणसानं दिलेला दुजोरा हाच. कंपनीचं परिपत्रक नव्हे, पण त्या मालिकेवर काही वर्षं काम केलेल्या लेखकाचं वाक्य.

आणि काळाची कसोटी? १४ डिसेंबर २०१७ रोजी मार्व्हलची मालक असलेल्या डिस्नेनं फॉक्सचा मोठा भाग विकत घेण्याचा करार जाहीर केला. मार्च २०१८ च्या शेवटी मार्व्हलनं मालिका परत येत असल्याचं सांगितलं, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये लेखक डॅन स्लॉट व चित्रकार सारा पिकेली यांचा पहिला अंक आला. खंड सव्वातीन वर्षांचा. आधीच्या कुठल्याही विश्रांतीशी त्याची तुलना होत नाही.

दोन दगडांवर पाय

आता उलट बाजू. जॉन्स्टन फक्त चहाड्या करणारे नाहीत, ते कॉमिक्स लिहितातही. सतराव्या शतकातल्या उडणाऱ्या संताची, क्युपर्टिनोच्या जोसेफची कथा त्यांनी २००६ मध्ये केली. २००९ मध्ये आयडीडब्ल्यू या प्रकाशकासाठी डॉक्टर हू या ब्रिटिश टीव्ही मालिकेवरची एक कथा लिहिली. २०१२ मध्ये बूम स्टुडिओज या दुसऱ्या प्रकाशकासाठी सुपरहिरो चित्रपटांची टर उडवणारी विडंबनं केली. शिवाय ब्रिटिश राजकारणावरच्या व्यंगचित्रांत त्यांची साथ आहे ती निराळीच. म्हणजे ज्यांच्या बातम्या फोडायच्या त्यांच्याकडूनच मानधन घ्यायचं, आणि ज्या स्थळावर लिहायचं त्याचा मालकही प्रकाशकच.

हा दोष आहे का? आहे, पण वाटतो त्यापेक्षा वेगळा. पैशांसाठी बातमी दाबली जाईल, ही भीती लोक बोलून दाखवतात. खरी अडचण अशी की संपादकांशी कामाचं नातं असलेल्या माणसाला प्रत्येक जण काहीतरी सांगायला येतो, आणि सांगणाऱ्याचा स्वार्थ ओळखणं कठीण होतं. काढून टाकलेला चित्रकार, बढती हवी असलेला सहायक, प्रतिस्पर्धी कंपनीचा प्रसिद्धीवाला, तिघांच्या तोंडी एकच वाक्य असू शकतं. फँटॅस्टिक फोरच्या प्रकरणात हा धोका कमी होता, कारण पुरावा शेवटी कागदांवर आला. नुसत्या बोलण्यावर उभी असलेली बातमी इतकी टिकली नसती. शिवाय फुटलेली बातमी स्वतःच वस्तुस्थिती बदलू शकते. बभ्रा झाला म्हणून प्रकाशकानं बेत पुढे ढकलला, तर खरी बातमी खोटी ठरते, आणि शिव्या लिहिणाऱ्याला बसतात.

कायद्याची बाजू इथे लिहिणाऱ्याला थोडी अनुकूल होती. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जानेवारी २०१४ पासून नवा अब्रुनुकसानी कायदा लागू झाला, म्हणजे बातमीच्या पाच महिने आधी. त्यानुसार नुकसान गंभीर असलं पाहिजे, आणि फिर्यादी नफ्यासाठी चालणारी कंपनी असेल तर गंभीर आर्थिक तोटा झाला किंवा होण्याची शक्यता आहे हे दाखवावं लागतं. शिवाय अमेरिकेच्या २०१० च्या कायद्यामुळे इंग्लंडातला असा निकाल अमेरिकेतल्या प्रकाशकाविरुद्ध सहजासहजी वसूल करता येत नाही. 'अमुक मासिक बंद होणार' हे वाक्य तसंही कुणाच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवत नाही. 'अमुक माणसानं रागाच्या भरात बंद केलं' हे वाक्य त्या सीमेच्या जवळ जातं. तिसऱ्या तुकड्यावर पिवळा दिवा हवा होता तो म्हणूनही.

पर्लमटर मार्च २०२३ मध्ये मार्व्हलमधून बाहेर पडले, डिस्नेनं त्यांची मार्व्हल एंटरटेनमेंट मोठ्या कंपनीत मिसळून टाकली तेव्हा. स्लॉट-पिकेलींच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर ठळक १ च्या जवळच बारीक ठशात जुना क्रमांकही छापला आहे: ६४६. आधीचा अंक ६४५, नंतरचा ६४६. मोजदादीत काहीच घडलेलं नाही.